पूजेला ठेवलेले कॉम्प्युटर

त्रिपुरसुंदरी घराची चावी पर्समध्ये ठेवत नाही, मुठीत धरून चालते. कॉफी उभ्यानं पिते. शेअर ऑटोत कडेलाच बसते, मग उन्हाची बाजू असली तरी. ताटातला कढीपत्ता कडेला एका रांगेत लावते. दुसऱ्याचा मेसेज पुढे पाठवायचा असेल तर आधी त्यातल्या चुका दुरुस्त करते. कुणी बोलत असलं की तिची बोटं टेबलावर, मांडीवर, बसच्या दांडीवर टाइप करत असतात. समोरच्याचं वाक्य संपलं की डावा हात हवेत हलकासा झटका देतो, टाइपरायटरची ओळ बदलावी तसा.

आणि कुणी तिला दुखावलं, तर त्या दिवसापासून ती त्या माणसाशी जास्त गोड बोलते.

ही शेवटची सवय फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. इमारतीच्या असोसिएशनच्या सेक्रेटरीच्या आली, पण उशिरा. त्यानं तिच्या दारापुढची तुळस न विचारता गच्चीवर नेली, तिथं ती वाळली. ती "परवाइल्ले", काही हरकत नाही, म्हणाली. दर सणाला त्याच्या घरी हरभऱ्याचं सुंडल पाठवत राहिली. वार्षिक सभेत मात्र तिनं त्याला अहवाल मोठ्यानं वाचायची विनंती केली आणि प्रत्येक चुकीपाशी, अगदी हळू आवाजात, बरोबर शब्द सांगत गेली. पुढच्या वर्षी तो निवडणुकीला उभा राहिला नाही.

त्रिपुरसुंदरी तंजावरकडची. घरात जुनं मराठी, रस्त्यावर तमिळ, अर्जात इंग्रजी. वेलचेरीच्या स्टेशनाजवळ तिची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तिथं शिकून लोअर, हायर या परीक्षा पास झालेली मुलं कोर्टात, रजिस्ट्रार ऑफिसात, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात लागली. पुढे टाइपरायटरांच्या शेजारी कॉम्प्युटर आले. मग कोरोना आला आणि इन्स्टिट्यूट बंद झाली. टाइपरायटर भंगारात गेले. नऊ कॉम्प्युटर तिनं विकले नाहीत. रिक्षाच्या दोन फेऱ्या करून दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आणले. वेलचेरीत पावसाळ्यात पाणी घरात शिरतं, तळमजल्यावर यंत्र ठेवायचं नाही, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं.

नवरा आधीच गेला होता, मूल नव्हतं. बाहेरच्या खोलीत नऊ कॉम्प्युटर भिंतीला लागून बसले. नुसतेच बसले.

तेव्हा तिच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला त्या खेळाबद्दल सांगितलं. नव्या औषधांच्या शोधासाठी शास्त्रज्ञांना अवाढव्य गणितं करायची असतात. एवढी यंत्रं त्यांच्याकडे नसतात. मग ते गणिताचे लहान लहान तुकडे करतात आणि जगभर घरोघरच्या कॉम्प्युटरांना पाठवतात. घरचा कॉम्प्युटर रिकामा असला की तुकडा सोडवतो, उत्तर परत पाठवतो. उत्तरामागे गुण मिळतात. माणसं संघ करतात, संघांची वर्षातून एकदा स्पर्धा होते. बक्षीस काहीच नाही. पहिल्या संघाचं नाव वर्षभर पानाच्या माथ्यावर राहतं, इतकंच.

त्रिपुरसुंदरीनं त्याच दिवशी संघ काढला. गावाजवळच्या नदीचं नाव दिलं, वेण्णार. भावाला, वहिनीला, चुलत-मावस सगळ्यांना फोन करून त्यांच्या घरचे कॉम्प्युटर जोडायला लावले. ज्यांना जमेना त्यांच्या घरी स्वतः गेली. अड्यारला, आवडीला, पार तांबरमच्या पलीकडे. हातात चावी, पिशवीत कोसंबरीचा डबा. तीन वर्षांत वेण्णार भारतातल्या लहान संघांच्या गटात वरच्या रांगेत आला.

भाच्याला, विश्वेशला, तिनंच कप्तान केलं. विश्वेश म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, अप्पाजीचा मुलगा. सिरुसेरीच्या एका कंपनीत मोठ्या जागी होता. त्याला या गोष्टी जास्त कळतात, असं तिला वाटलं. त्याला कळतही होत्या.

मग त्याच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश झाला. सगळे जमले होते. पायसम वाढून झालं होतं. विश्वेशनं भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर संघाचं पान लावलं आणि हातात काठी घेऊन कुठला कॉम्प्युटर किती गुण आणतो ते दाखवायला लागला. स्वतःच्या नव्या तीन यंत्रांचं दाखवलं. मग आतेच्या नऊ यंत्रांचं. तो हसून म्हणाला की आतेचे नऊ मिळून माझ्या एकाच्या निम्मं काम करतात, पण खोली काय तापवतात, वरती सांडगे-वडाम घातले तर दुपारपर्यंत वाळतील.

सगळे हसले. अप्पाजी हसला. हसताना त्याच्या हातातल्या वाटीतलं पायसम धोतरावर सांडलं, आणि त्यावर सगळे पुन्हा हसले.

मग विश्वेशनं सांगितलं की त्यानं नवा संघ काढलाय, जोरदार नावाचा, आणि सगळ्यांनी आत्ताच तिकडे यावं. सगळ्यांच्या फोनवर दुवा पाठवला. पायसम आणि दहीभात यांच्या मधल्या वेळात संघ बदलून झाला. त्रिपुरसुंदरीला कुणी विचारलं नाही. तिलाही दुवा आला होता. तिनं तो उघडला नाही.

घरी आल्यावर तिनं पान पाहिलं. वेण्णारच्या सदस्यांत एकच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विश्वेशला फोन करून घर फार छान झालंय असं सांगितलं. विश्वेशला बरं वाटलं. त्याला ती सवय माहीत नव्हती.

पुढचं सबंध वर्ष ती गोड बोलत राहिली. विश्वेशला लिंबाचं लोणचं पाठवलं. त्याची बायको श्रीविद्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा दर रविवारी त्याला जेवायला बोलावलं आणि न विचारता वाढलं. जेवताना तो आपल्या संघाचं सांगायचा. ती ऐकायची. बोटं मांडीवर चालू असायची.

बाकीच्या वेळात ती फोन करत होती. नातेवाइकांना नाही, विद्यार्थ्यांना. इन्स्टिट्यूटच्या हजेरीपटात होते ते सगळे. आता त्यांची मुलं कॉलेजात होती, घराघरात कॉम्प्युटर होते. "टीचर" म्हणत ते उठून उभे राहायचे, फोनवरसुद्धा. आवडीच्या कारखान्यातल्या गजेंद्रनं आपल्या क्वार्टरच्या सगळ्या मजल्यांवरचे कॉम्प्युटर जोडून दिले. तो तिचा जुना विद्यार्थी, एकदा हायरला नापास झालेला. तो म्हणाला, "टीचर, हे कशासाठी?"

"औषधासाठी," ती म्हणाली.

"ते समजलं. आणि?"

"आणि माझ्या भाच्यासाठी."

संध्याकाळपर्यंत गजेंद्रनं आणखी दोन घरं जोडली.

स्पर्धा आश्विनात आली. पहिल्या दिवसापासून वेण्णार वर होता. विश्वेशचा संघ मागे होता, आणि हे तिला पटेना. त्या यंत्रांना मागे राहायचं कारणच नव्हतं.

कारण वहिनीनं सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाली की विश्वेशनं सगळ्या घरांतली इंटरनेटची वायर काढून ठेवायला सांगितलीय. कॉम्प्युटर रात्रंदिवस घुरघुरतोय आणि गुण मात्र काडीचे वाढत नाहीत, हा कुठला खेळ म्हणे.

त्रिपुरसुंदरीला क्षणात कळलं. विश्वेश उत्तरं साठवत होता. नातेवाइकांचे कॉम्प्युटर आधीच भरून घेतलेले तुकडे सोडवून उत्तरं पोटात धरून बसले होते. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम वायर लावायची, गुणांचा पूर येणार, आणि समोरच्याला उठायलासुद्धा वेळ मिळणार नाही. मोठे संघ असंच करतात. गैर काही नाही. नियमात बसतं.

तिनं भिंतीवरचं रोज पान फाडायचं कॅलेंडर पाहिलं. पुढची पानं उचलली. शेवटचा दिवस सरस्वतीपूजेचा होता. स्पर्धा संपणार होती दसऱ्याच्या पहाटे.

विश्वेशनंही तारीख पाहिली असणार. सुट्टी आहे, सगळे घरी असतील, बरंच झालं, असं त्याला वाटलं असणार. तिथी त्यानं पाहिली नव्हती.

तंजावरकडची ही माणसं सरस्वतीपूजेला विद्येची साधनं पूजेला ठेवतात. पुस्तकं, वीणा, पेन, मोजपट्टी. गंध, कुंकू, फूल. मग दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाण्याची यादीसुद्धा नाही. घराण्यात हे सगळ्यांत कडक पाळणारी त्रिपुरसुंदरी. इन्स्टिट्यूटमध्ये त्या दिवशी एका मुलानं गंमत म्हणून झाकलेल्या टाइपरायटरची एक कळ दाबली, तर तिनं त्याला महिनाभर कळांना हात लावू दिला नव्हता. पूजेचे नियम दरवर्षी तीच कुटुंबाच्या ग्रुपवर लिहायची, आणि लोक ते पाळायचे, कारण दुसऱ्या कुणाला ते पाठ नव्हते.

कॉम्प्युटर मात्र आजवर कुणी बंद करून ठेवला नव्हता. कुंकू लावायचं, पुढे चालू ठेवायचा. तिनंही कधी त्याचं लिहिलं नव्हतं.

या वर्षी लिहिलं. नेहमीचे नियम लिहून झाल्यावर खाली एक ओळ घातली. घरातल्या मुलांची विद्या आता कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा तोही पूजेला ठेवावा, स्विच काढून, आणि उत्तरपूजेआधी उठवू नये.

तिनं ओळ दोनदा वाचली. चूक नव्हती. पाठवली.

खाली हात जोडल्याची चित्रं येत गेली. वहिनीनं दिवा पाठवला. विश्वेशचं काही आलं नाही. रोज सकाळच्या सुप्रभातांना कंटाळून त्यानं ग्रुप गप्प करून ठेवला होता. हे त्यानंच जेवताना तिला सांगितलं होतं, हसत.

पूजेच्या सकाळी तिनं आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना फोन केले. असेल नसेल ते उत्तर आत्ता पाठवा, मग कॉम्प्युटर बंद करा आणि पूजा करा. त्यांनी तसं केलं. वेण्णारचे गुण टोकाला जाऊन थांबले. मग तिनं आपले नऊ बंद केले. पुसले. गंध लावलं, कुंकू लावलं, प्रत्येकावर जाईचा गजरा ठेवला. पुस्तकांच्या शेजारी ते बरे दिसत होते. खोलीत शांतता झाली. ती शांतता तिला लागली. नऊ पंख्यांच्या आवाजात राहायची तिला सवय झाली होती.

दुपारी विश्वेशचा फोन आला. त्याआधी त्यानं सगळ्या घरी करून पाहिले होते. ज्या घरात कुणी बारावीला होतं, तिथं तर त्याला पुढे बोलूच दिलं नाही. अप्पाजीनं सांगितलं होतं, तुझ्या आतेला विचार, ती हो म्हणाली तर लावतो.

"आते, अम्माला सांग की तू. चुम्मा, नुसता एक तास चालू करा म्हणून."

"कां रे? जेवलास?"

"तुज माहीत आहे मी कशाला फोन केला ते."

"अस्कं, आहे ते सगळं पूजेला ठेवलंय. उद्या उठवतील."

"उद्याचा उपयोग नाही. नेटची वायर लावायची, पुरे. काम नको करायला. तू हो म्हणालीस तर अप्पा आत्ता लावतील."

"लावेल अण्णा," ती अप्पाजीबद्दल म्हणाली. "म्हणून तर मी म्हणत नाही."

पलीकडे तान्हं मूल रडत होतं.

"गृहप्रवेशाचं धरून बसलीस?"

"घर छान आहे तुझं. मी त्याच दिवशी सांगितलं की."

"सेरी, ठीक आहे," विश्वेश म्हणाला. "माझी तीन यंत्रं चालू आहेत. मित्रांची आहेत. माझ्या घरी कुणी कुंकू लावून बसलं नाही. पहाटेपर्यंत बघू."

"बघ हो," ती म्हणाली. "आणि बाळाला घे आधी."

फोन ठेवल्यावर तिनं उभ्यानं कॉफी घेतली. कॉफी फार चांगली लागली. वर्षभरात इतकी चांगली लागली नव्हती. तिनं डोळ्यांपुढे आणलं: अप्पाजीच्या बैठकीत कुंकू लावून बसलेला कॉम्प्युटर, पोटात उत्तरं, आणि त्याच्याभोवती हात बांधून उभा असलेला तिचा भाऊ. तो आता हसत नव्हता.

पण संध्याकाळी तिनं फोनवर संघाचं पान उघडलं. लिहायचं-वाचायचं नाही, आकडे पाहायला काय हरकत आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. विश्वेशचा संघ वर येत होता. नातेवाइकांविनाच. त्याची तीन यंत्रं आणि मित्रांची यंत्रं, एकेक तुकडा सोडवत, सरळ पाठवत. तिनं दिवा लावला, पुन्हा पाहिलं. अंतर आणखी कमी झालं होतं. या चालीनं पहाटेआधी तो पुढे जाणार, हे सांगायला कप्तान लागत नव्हता.

गजेंद्रला फोन करता आला असता. तिनं नंबर काढलाही. पण त्याच्याकडची पूजा तिनंच सकाळी सांगितली होती. आता उठव कुणाच्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्याकडून पूजा मोडवून घेणं तिच्यानं झालं नाही.

ती बाहेरच्या खोलीत आली. दार लावून घेतलं. खिडकीचा पडदा ओढला.

पहिल्या कॉम्प्युटरवरचा गजरा तिनं थोडा बाजूला सरकवला, हवेची जाळी मोकळी राहील एवढाच. काढला नाही. मग स्विच लावला. कुंकवाखालचा लहान दिवा हिरवा झाला. मग दुसरा. तिसरा. नववा चालू झाला तेव्हा खोलीत तो ओळखीचा आवाज भरला आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरला.

तिनं देवीकडे पाहिलं नाही. देवीकडे पाठ करून, पाटावर बसून राहिली. मनात एकच होतं. टीव्हीपुढे उभा राहिलेला विश्वेश, हातात ती काठी, आणि मागं हसणारे सगळे. तिनं त्यांना एकेक करून आठवलं. कुणी किती हसलं तेही तिला आठवत होतं. कुणालाही वगळलं नाही.

यंत्रांच्या गरम हवेनं गजरे सुकायला लागले. भाजल्या जाईचा वास सुटला. असा वास तिनं पूर्वी कधी घेतला नव्हता.

पहाटे स्पर्धा संपली. वेण्णार पहिला होता. थोडक्यात. इतक्या थोडक्यात की नऊ जुने कॉम्प्युटर नसते तर दुसरा असता. पुढे सकाळी घरोघर उत्तरपूजा झाली, वायरी लागल्या, आणि नातेवाइकांकडची साठवलेली उत्तरं धो धो गेली. शास्त्रज्ञांच्या ती उपयोगी पडली. स्पर्धेत त्यातलं एकही मोजलं गेलं नाही.

दसऱ्याला लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायला जायचं असतं. विश्वेश आला. अप्पाजीनं पाठवलं असणार. हातात मिठाईचा पुडा, डोळे तारवटलेले. त्रिपुरसुंदरी आत पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा तो भिंतीजवळ उभा होता. त्याचा तळहात मधल्या कॉम्प्युटरवर होता. दुसऱ्या हातात सुकून कुरकुरीत झालेला गजरा.

"आते, हा तापलाय."

तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

"अस्के तापलेत. तू पूजेत चालू केलेस."

"पाणी घे."

"तू." त्याचा आवाज बारीक झाला होता. तो संतापला नव्हता. "अप्पांना सांगू?"

"सांग."

"त्यांना खरं वाटायचं नाही. कुणालाच वाटायचं नाही."

"म्हणून तर म्हणते," ती म्हणाली. "सांग."

विश्वेश तिच्याकडे पाहत राहिला. एवढ्या वर्षांत प्रथमच नीट पाहत असल्यासारखा. मग त्यानं गजरा होता तसा परत ठेवला, वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगायचा तो आशीर्वाद सांगितला, एकही शब्द न गाळता. हात थोडा जास्त वेळ ठेवला. तो वाकलेला तिला हवा होता.

तो गेल्यावर तिनं दुपारभर पानाच्या माथ्यावरचं नाव पाहिलं. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणाली की आमची पूजा छान झाली, तुमच्यामुळं, आणि तुमची?

"माझी व्हायचीय अजून उत्तरपूजा," ती म्हणाली.

उत्तरपूजा सोपी असते. नैवेद्य दाखवायचा, अक्षता टाकायच्या आणि वस्तू जागची जराशी हलवायची. हलली की ती मोकळी. तिनं पुस्तकं हलवली. पेन हलवलं, पोथी हलवली, नवऱ्याची मोजपट्टी हलवली. मग अक्षतांची वाटी घेऊन पहिल्या कॉम्प्युटरपुढे आली. मूठ भरली. कुंकवाखालचा हिरवा दिवा चालूच होता. मग मूठ वाटीत रिकामी केली आणि दुधाचं भांडं गॅसवर आहे की काय ते पाहायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी करू म्हणाली. त्यानंतर दिवाळी आली. दिवाळीला वहिनीनं विचारलं तेव्हा करते, करते म्हणाली.

नऊ कॉम्प्युटर चालू आहेत. त्यांच्या कपाळांवरचं कुंकू वाळून काळपट झालंय, ते ती पुसत नाही, कारण उत्तरपूजेआधी पुसायचं नसतं. अक्षतांची वाटी नवव्याच्या डोक्यावर आहे.

उत्तरपूजा राहिली आहे.